हजेरीची प्रत कामगाराच्या हातात हवी

कामाच्या तासांची नोंद ही मालकाची खासगी बाब, ती कामगाराला दाखवणं म्हणजे मेहेरबानी आणि तिची प्रत देणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा, असं मानणारी मंडळी कुर्ल्यात पूर्वीही होती. हल्ली त्यांना मोबाईल ॲपचं बळ मिळालं आहे. कमानीपासून काजूपाडा-जरीमरीपर्यंतच्या गाळ्यांत, एलबीएस मार्गावरच्या गोदामांत, कार्यालयांच्या काचेच्या इमारतींत राबणाऱ्या सफाईवाल्यांच्या आणि वॉचमनच्या हजेरीत, सगळीकडे मस्टरची जाडी वही जाऊन अंगठ्याचं यंत्र किंवा फोनवरचं ॲप आलं आहे. आणि त्याच्याबरोबर एक तयार युक्तिवादही आला आहे. आता सगळं क्लाउडवर असतं, मध्ये माणसाचा हात लागत नाही, तेव्हा भांडणाचं मूळच संपलं. मग कामगाराला वेगळी प्रत कशाला? दिलीच, तर रोज उठून हिशेब मागत बसेल.

हे बोलणारे सगळेच लबाड आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांतले कित्येक पगार वेळेवर देतात, अडीनडीला उचल देतात, कामगाराच्या मुलीच्या लग्नाला जातात. पण त्यांचा युक्तिवाद पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत चुकीचा आहे, आणि तो खोडून काढणं आता तातडीचं झालं आहे.

माणसाचा हात लागत नाही, हे पहिलं विधान घेऊ. दारातल्या यंत्रावर अंगठा टेकला की एक वेळ उमटते. ती यंत्राच्या स्वतःच्या घड्याळाची वेळ असते आणि ते घड्याळ कुणीतरी लावलेलं असतं. तिथून ती नोंद सर्व्हरवर जाते. नेट असेल तर लगेच, नसेल तर येईल तेव्हा. मग सॉफ्टवेअर तिच्यावर नियम चालवतं. दहा मिनिटं उशीर झाला की लेट मार्क, तीन लेट मार्कांचा अर्धा दिवस, जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी घेतली असो वा नसो आपोआप वजा, जादा वेळ पंधरा मिनिटांच्या पटीत खाली ओढलेली. हे नियम आकाशातून पडलेले नसतात. ॲप बसवताना कुणीतरी चौकटींत टिक करून ते ठरवलेले असतात, आणि ज्याच्या पगारावर ते चालतात त्याला त्यांची यादी कधी मिळत नाही. शेवटी सुपरवायझरकडे ‘दुरुस्ती’चा अधिकार असतो. अंगठा आणि पगारचिठ्ठी यांच्या मध्ये असे चार-पाच निर्णय बसलेले असतात, आणि प्रत्येक माणसाने घेतलेला असतो.

रात्रपाळीचं उदाहरण घ्या. रात्री दहाला आत गेलेला माणूस सकाळी साडेसहाला बाहेर पडतो. सॉफ्टवेअर मध्यरात्री तारीख बदलणारं असेल, तर पहिल्या तारखेला बाहेर पडल्याची नोंद नाही आणि दुसऱ्या तारखेला आत आल्याची नोंद नाही. माणूस रात्रभर उभा होता, कागदावर दोन खाडे. नीट लावलेल्या यंत्रणेत हे होत नाही, हे मला माहीत आहे. पण ती नीट लावली आहे की नाही हे पाहण्याची सोय एकाच बाजूला आहे, आणि चुकीचा फायदाही त्याच बाजूला आहे.

एकाच नोंदीला दोन उपकरणं हात लावतात तेव्हा तर खरी मेख आहे. समजा, माल उतरवणाऱ्या टोळीचा सुपरवायझर संध्याकाळी सातला आपल्या टॅबवरून सगळ्यांना एकदम ‘आउट’ करून घरी जातो. त्यांतले तिघं ट्रक रिकामा होईस्तोवर थांबतात आणि नऊला आपापल्या फोनवर ‘आउट’ करतात. गोदामात रेंज नाही, म्हणून फोनची नोंद फोनमध्येच अडकते. टॅबची सर्व्हरवर आधीच पोचलेली असते. दुसऱ्या दिवशी दोन्ही जुळवल्या जातात तेव्हा कुठली टिकते? बऱ्याच ठिकाणी नियम असा असतो की शेवटी जी पोचली ती खरी, आधीची पुसली गेली. काही ठिकाणी सुपरवायझरची नेहमीच वरचढ. दोन्ही नियमांत एक नोंद मागमूस न ठेवता नाहीशी होते. नाहीशी झालेली नोंद खरी होती की खोटी, हे त्यानंतर कुणालाच, अगदी प्रामाणिक मालकालाही, सांगता येत नाही.

याला इलाज आहे आणि तो नवा नाही. जमाखर्च लिहिणारा मुनीमसुद्धा चुकलेला आकडा खरवडत नसे, त्यावर रेघ मारून खाली बरोबर आकडा लिहीत असे. तासांची नोंद तशीच साठवता येते. प्रत्येक ‘इन’ आणि ‘आउट’ ही स्वतंत्र ओळ, ती कधी पुसायची नाही. दुरुस्ती म्हणजे खाली आणखी एक ओळ, तिच्यापुढे कुणी केली, केव्हा केली, का केली. उपकरणाच्या घड्याळाची वेळ वेगळी आणि सर्व्हरवर पोचल्याची वेळ वेगळी ठेवायची. दोन उपकरणांच्या नोंदी भिडल्या तर दोन्ही दिसू द्यायच्या आणि माणसांनी बसून सोडवायच्या. इतकं साधं ॲप कुठलाही बरा प्रोग्रामर लिहून देईल. ते मागितलं जात नाही, कारण विकत घेणारा एक असतो आणि ज्याचे तास मोजले जातात तो दुसरा.

घड्याळ कुणाचं, हा प्रश्न या शहराला नवा नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे होती. त्याच महिन्यात जेकब ससून मिलच्या कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडलं. मिलचं घड्याळ पुढे सरकलं म्हणजे भोंगा आपल्या नेहमीच्या वेळेआधी होणार, एवढं त्यांना स्वच्छ कळत होतं. मुंबईच्या नागरी व्यवहारांत जुनी ‘बॉम्बे टाइम’ पुढे १९५५ पर्यंत रेंगाळली. तेव्हा घड्याळ निदान टॉवरवर टांगलेलं होतं, काटे सगळ्यांना दिसत होते.

आता ‘यंत्र खोटं बोलत नाही’ याविषयी. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी लावणं सक्तीचं झालं. भ्रष्टाचार थांबेल, अशी ग्वाही होती. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना परिपत्रक धाडून सांगावं लागलं की फोटोचा फोटो काढून अपलोड होतो आहे, भलतेच फोटो चढताहेत, एकच फोटो अनेक मस्टरांवर लागतो आहे. आणि दुसऱ्या टोकाला, नेट नसलं किंवा ॲप अडकलं की खऱ्या मजुराचा खरा दिवस बुडतो. त्याविरुद्ध मजूर दिल्लीला जंतरमंतरवर धरणं धरून बसले होते. मुंबई महापालिकेने बायोमेट्रिक हजेरी पगाराशी जोडली तेव्हाही, हजर असून पगार कापला गेल्याच्या तक्रारी घेऊन कर्मचारी संघटनांना भांडावं लागलं. यंत्र खोटं बोलत नसेल, पण त्याला जे सांगितलं जातं तेच ते पुन्हा सांगतं, आणि सांगणारा बदलला नाही तर काहीच बदललं नाही.

पुढचा मुद्दा मालकीचा. नोंद आम्ही ठेवतो, यंत्र आमचं, सर्व्हरचं भाडं आम्ही भरतो, मग नोंद आमची. पण खातेवहीचं पानही बँकेचंच असतं, तरी पासबुक आपल्या हातात असतं. पासबुक दिल्याने खातेदार माजतील, असं कुठल्याही बँकेने म्हटल्याचं ऐकिवात नाही. कामगार महिनाभर आपले तास मालकाकडे जमा ठेवत असतो, महिन्याअखेर त्यांचे पैसे होतात. त्या जमेची पावती मागणं हा उद्धटपणा कसा?

आणि ही पावती नसण्याची किंमत काय असते, ते आपल्या न्यायालयांच्या निकालांत लिहिलेलं आहे. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं तर कामगाराला नोकरकपातीच्या वेळी कायद्याचं संरक्षण मिळे. मस्टर ठेवण्याची जबाबदारी औद्योगिक विवाद कायद्याने मालकावर टाकली होती. पण २४० दिवस भरले हे सिद्ध करण्याचा भार कामगारावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हदीमनी प्रकरणात म्हटलं. नुसतं शपथपत्र पुरणार नाही. म्हणजे वही एकाच्या कपाटात आणि पुराव्याचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर. २००५ मध्ये येल्लट्टी प्रकरणात न्यायालयाने परिस्थिती थोडी सावरली: रोजंदारीच्या माणसाकडे नेमणूकपत्र नसतं, पावती नसते, तेव्हा त्याने मालकाकडून मस्टर मागवून घ्यावं. पण मागवलेलं मस्टर शेवटी मालकाकडूनच येणार. प्रत दोघांकडे असती, तर या दोन्ही निकालांची गरजच पडली नसती.

मुंबईच्या कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांनी हे सगळं भोगलं आहे. कुर्ल्याच्या एल विभागासह शहरभरच्या हजेरी चौक्यांवर माणसं वर्षानुवर्षं पहाटे उभी राहत होती, आणि कागदावर त्यांना कधी ठेकेदाराची माणसं, कधी ‘स्वयंसेवक’ म्हटलं जात होतं. कचरा वाहतूक श्रमिक संघाने २,७०० कामगारांसाठी लढा दिला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये त्यांना महापालिकेचे कायम कामगार ठरवलं आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यानंतरही नावाच्या स्पेलिंगमधल्या आणि पत्त्यांमधल्या फरकांमुळे अनेकांची नेमणूक रखडली. न्यायालयात जिंकूनसुद्धा माणसाला ‘मीच तो’ हे दाखवावं लागलं. रोजच्या हजेरीची, आपल्या अचूक नावाची प्रत दर महिन्याला हातात पडत असती, तर चूक पहिल्याच महिन्यात पकडली गेली असती.

एकाच्या कपाटातली नोंद दुसऱ्याच्या हातात दिली तर उद्योग बुडतो, ही भीती महाराष्ट्राने तरी बोलू नये. १९६९ चा माथाडी कायदा आपलाच आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या त्या कायद्याने हमालांच्या मजुरीचा हिशेब मालकाच्या गल्ल्यातून काढून मंडळाकडे नेला. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार असे तिघांचे प्रतिनिधी. मालकाने मजुरी आणि लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची. म्हणजे केलेल्या कामाचा हिशेब टोळीकडे, मालकाकडे आणि मंडळाकडे अशा तीन जागी गेला. १९८१ च्या कायद्याने सुरक्षारक्षकांसाठीही अशीच मंडळं आली. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणारे निपजले हे खरं, आणि त्यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण खंडणी नोंदीच्या प्रतीमुळे आलेली नाही. मुंबईच्या बाजारांतली हमाली त्या कायद्याखाली अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे.

प्रत दिली की भांडणं वाढतील, हे म्हणणं मात्र मला सर्वांत उलटं वाटतं. थकलेल्या ओव्हरटाइमचे दावे घेऊन येणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे पुरावा म्हणून काय असतं? भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेनाने मारलेल्या फुल्या. बायकोला व्हॉट्सॲपवर धाडलेलं ‘आत्ता निघालो’. शेवटच्या लोकलच्या तिकिटाचा फोटो. त्या फुल्या खऱ्या असतात, हे समोरच्या मालकालाही मनातून माहीत असतं, पण आठ महिने उलटल्यावर कोण कबूल करणार? काल मी नऊला निघालो, तुम्ही सात लावलेत, हे वाक्य दुसऱ्या दिवशी सकाळी बोललं तर दोन मिनिटांत मिटतं. तेच वाक्य वर्षाने बोललं की वकील लागतो. भांडण दोन्हीकडे आहे, फरक त्याच्या वयाचा आहे. शिवाय वेतन संहितेने आता पगाराच्या दाव्यात देणं चुकतं केल्याचं सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकला आहे आणि दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. कामगाराने त्या-त्या आठवड्यात पाहून मान्य केलेली नोंद ही अशा वेळी प्रामाणिक मालकाची सर्वांत भक्कम ढाल आहे. ती नको म्हणणाऱ्याने आपण नेमकं कशापासून बचाव करतो आहोत याचा विचार करावा.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तो बहुधा कामगारांकडून येतो. सगळ्या टोळीचे तास सगळ्यांना दिसू लागले तर कोण किती वेळा बाथरूमला गेलं, कोण आजारपणात चार दिवस आलं नाही, कोणती बाई दर महिन्याला एक दिवस सुट्टी घेते, याची चर्चा सुरू होईल. नागपूर आणि नवी मुंबई महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली तेव्हा लोकांना हेच टोचलं होतं: मनगट कामगाराचं आणि नकाशा नियंत्रण कक्षात. हा आक्षेप बरोबर आहे. म्हणूनच कुणाला काय दिसावं हे वेगवेगळं ठरवावं लागतं. माझे तास मला पूर्ण दिसावेत, दुरुस्त्यांसकट. टोळीला फक्त कामाची पाळी दिसावी: कोण कधी आहे, कोण नाही. रजेचं कारण त्या नोंदीत असूच नये. आणि कामावर येण्याची वेळ टिपायला माणूस दिवसभर कुठे फिरला हे साठवण्याची गरज नाही. माहिती जास्त गोळा करायची आणि वाटायची मात्र कुणालाच नाही, ही आजची रीत आहे. ती उलटी केली की हा आक्षेप उरत नाही.

‘त्यांना हे आकडे काय कळणार’ असंही एक वाक्य हळू आवाजात येतं. कुर्ल्यात उभं राहून हे बोलायला धाडस लागतं. इथली कमानी ट्यूब्ज बंद पडली तेव्हा तिच्या कामगारांनी सहकारी संस्था काढली, कारखाना स्वतः चालवण्याची योजना मांडली, औद्योगिक पुनर्रचना मंडळाकडून १९८८ मध्ये ती मंजूर करून घेतली आणि सर्वोच्च न्यायालयातही ती टिकवली. पुढे ती कंपनी पुन्हा अडचणीत आली, ते वेगळं. पण ज्या रस्त्यावर कामगारांनी ताळेबंद वाचून कारखाना ताब्यात घेतला, त्या रस्त्यावर त्यांच्या नातवंडांना इन-आउटचा तक्ता समजणार नाही, हे कुणी सांगू नये. त्याच्याही शंभर वर्षं आधी नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सह्या-अंगठे गोळा करून आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. आपला दिवस किती लांब आहे, हे त्यांना कळायला ती लागलीही नाही.

हे सगळं आज का, तर दिवस पुन्हा लांबतो आहे. ३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. दुकानं-आस्थापनांसाठी रोजचे ९ तास १० झाले, आणि त्या कायद्याचे हे नियम २० किंवा अधिक माणसं असतील तिथेच लागतील असं ठरलं. कुर्ल्याच्या गल्ल्यांमधले किती गाळे वीसपर्यंत पोचतात? जिथे मर्यादा आहे तिथेही, बारा तासांचा दिवस कायदेशीर ठरल्यावर कामगाराकडे उरतात ते आठवड्याचे ४८ तास आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाचा दुप्पट मोबदला. दोन्ही गोष्टी संपूर्णपणे नोंदीवर अवलंबून आहेत. दिवसाची मर्यादा सैल करायची आणि मोजमापाची वही मात्र एकाच कपाटात ठेवायची, हे चालणार नाही.

कायद्याने यात हात दिला असता तर बरं झालं असतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पाहायला मागण्याचा हक्क कलम ११ मध्ये आहे. पण तो संमतीने दिलेल्या माहितीपुरता आहे, आणि नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला कलम ७ ने मालकाला संमतीची अटच ठेवलेली नाही. त्यामुळे ऑनलाइन शर्ट विकत घेतलेल्या दुकानाकडून मला माझी माहिती मागता येईल, आणि ज्याच्याकडे मी आयुष्याची दहा वर्षं घातली त्याच्याकडून माझ्या तासांची यादी या कलमाखाली मागता येणार नाही. स्पेनने २०१९ मध्ये याउलट केलं: रोजच्या तासांची नोंद सक्तीची, ती चार वर्षं जपायची आणि कामगाराला, त्याच्या प्रतिनिधीला व निरीक्षकाला उपलब्ध ठेवायची. त्याच वर्षी १४ मे रोजी युरोपीय न्यायालयाने एका बँकेच्या खटल्यात सांगितलं की वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह आणि पोचता येईल अशी तास मोजण्याची व्यवस्था नसेल, तर कामाच्या कमाल तासांचा हक्क पोकळ ठरतो. तिथले उद्योग त्यामुळे बंद पडलेले नाहीत.

खर्चाचं कारण सांगणाऱ्यांना सांगायचं ते थोडक्यात सांगतो. दर दिवशी कामगाराच्या फोनवर एक संदेश: आज आत किती वाजता, बाहेर किती वाजता, एकूण किती. दुरुस्ती झाली तर तिचाही संदेश. साधा फोन असेल तर एसएमएस, तोही नसेल तर आठवड्याला छापील चिठ्ठी. ॲपवाल्याचं दुकान उद्या बंद झालं तरी उघडता येईल अशा साध्या तक्त्यात महिन्याची फाइल.

आणि एक गोष्ट, जी आज जवळपास कुठेच होत नाही: जाताना नोंद हातात देणं. माणूस काम सोडतो किंवा त्याला काढतात, त्याच संध्याकाळी त्याचं लॉगिन बंद होतं. ज्या दिवशी नोंदीची त्याला सर्वांत जास्त गरज पडणार, त्याच दिवसापासून ती त्याला दिसेनाशी होते, आणि दाव्याची तीन वर्षं मात्र मोजली जातच राहतात. राज्याच्या कामगार खात्याने नियम करावा: शेवटच्या पगाराबरोबर मागच्या तीन वर्षांच्या तासांची संपूर्ण नोंद, दुरुस्त्यांच्या ओळींसकट, कामगाराच्या हातात पडली पाहिजे. जो मालक ती देणार नाही, त्याची हजेरी त्या कामगाराविरुद्ध दाव्यात पुरावा म्हणून धरली जाऊ नये, आणि तासांच्या बाबतीत कामगाराने कालनिर्णयवर मारलेल्या फुल्या खऱ्या मानाव्यात.